आधी शाळेचा हेतू, मग शाळेची इमारत

खेड्यातील शाळेचा विषय निघाला की शहरातील सज्जन मंडळी प्रथम इमारतीविषयी बोलू लागतात. भिंतीला पोपडे आले आहेत, पत्रा गळतो आहे, बाके नाहीत, संगणक नाही. मग कोणी पत्रे देतो, कोणी बाके देतो, कोणी पडद्यावर धडे दाखवणारे यंत्र देतो. या दातृत्वाला नावे ठेवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत हिंडताना एक गोष्ट आम्हांला वारंवार दिसली. दिलेली वस्तू कुलपात असते आणि मुले ओट्यावर बसलेली असतात. वस्तू वाईट नसते, देणाराही वाईट नसतो. ही शाळा कशासाठी आहे आणि तिच्यात मुलांनी कसे शिकावे, हे कोणी कोणाला विचारलेलेच नसते, एवढेच तिथे उणे असते. इंग्रजी शिकलेले लोक याला 'व्हिजन' म्हणतात. आपण त्याला साध्या भाषेत 'शाळेचा ठरलेला हेतू' म्हणू. हा हेतू गावाने मिळून कसा ठरवावा, आणि त्यावरून वर्ग, ओटा, अंगण, खिडकी, संडास यांची रचना कशी निघते, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही मूळचे कामगार चळवळीतले. शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते कारखान्याच्या दारावरच्या सभांत, सार्वजनिक वाचनालयांत आणि अशाच व्याख्यानमालांच्या मागच्या रांगेत बसून. त्यामुळे शिक्षणशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. पण एक गोष्ट युनियनच्या कामात आमच्या अंगवळणी पडली आहे. मागणीपत्र पुढाऱ्याने ऑफिसात बसून लिहिले, तर ते कितीही सुरेख असले तरी आणीबाणीच्या वेळी त्याच्यामागे माणूस उभा राहत नाही. खात्याखात्यातल्या कामगारांना विचारून ते लिहिले, तर अक्षर वेडेवाकडे असले तरी ते टिकते. शाळेचेही तसेच आहे, असे आमचे मत आहे.

हा मुलूख कसा आहे

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले दोन तालुके. एकीकडे माहुलीचा डोंगर, दुसरीकडे माळशेज घाटाची भिंत. सगळा शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली ही येथील आदिवासी मंडळी. त्यांच्या शेजारी कुणबी आणि आगरी. गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. मूळ गावठाण एका जागी आणि त्याचे चार-सहा पाडे डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर. तानसा आणि भातसा यांचे पाणी मुंबईला जाते, आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पावसाळ्यात मात्र असा धबाबा पाऊस, की पत्र्याच्या शाळेत गुरुजींचा शब्द दुसऱ्या रांगेला ऐकू जात नाही. भात कापून झाले, दिवाळी उलटली, की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मुले अर्थातच आईबापांबरोबर जातात आणि हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघा उरतात.

आता विचार करा. मुंबई-पुण्याच्या शाळेचा नकाशा जसाच्या तसा येथे आणून ठेवला, तर यांपैकी कोणता प्रश्न सुटतो? आणि नकाशा काढणाऱ्याला हे प्रश्न कोण सांगणार?

हेतू आधी ठरला, तेव्हा काय झाले

हेतू स्पष्ट असला की जागा कशी बदलते, याचे मोठे उदाहरण जुन्या ठाणे जिल्ह्यातच घडले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा डहाणू तालुका २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. आता तो पालघर जिल्ह्यात आहे. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणात नेली, आणि तीच अंगणवाडी झाली. थोडी मोठी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळा कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटले. शाळेचा हेतू 'मूल शिकले पाहिजे' हा होता. 'मूल इमारतीत आले पाहिजे' हा नव्हता. हेतू पक्का होता म्हणून जागा हलवता आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हा शब्द सबंध देशात पोचला.

तीच गोष्ट वीटभट्ट्यांची. मजूर भट्टीवर ज्या झोपडीत राहतात तिला भोंगा म्हणतात. विधायक संसद या संस्थेने भट्टीवरच्या मुलांसाठी भट्टीजवळच शाळा उघडल्या, त्या भोंगा शाळा. तेथे खोली कशी आहे हा प्रश्न दुय्यम होता. मूल जेथे आहे तेथे पाटी पोचली की नाही, हा मुख्य होता.

आणि मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव तर आता दूरदूरपर्यंत ठाऊक झाले आहे. ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांचा पुढाकार आणि मोतीराम दलाल धर्मादाय न्यासाची मदत. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या म्हाताऱ्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन बसल्या. त्यांचा हेतू त्यांच्या स्वतःच्या तोंडून आला होता: पोथी वाचता यावी आणि अंगठ्याच्या जागी सही करता यावी. तेवढ्यावरून बाकीचे सगळे ठरले. वेळ दुपारची, कारण सकाळचे काम उरकलेले असते. शिकवणारी गावातलीच सून, कारण तिच्यापुढे चुकायला लाज वाटत नाही. बसणे जमिनीवर, कारण गुडघ्यांना त्याचीच सवय. या शाळेला मोठी इमारत लागली नाही. लहान मुलांच्या शाळेसाठी आपण इतका सरळ विचार का करू नये?

परदेशचेही एक उदाहरण देण्यासारखे आहे. इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळ व्हिला चेल्ला नावाचे खेडे आहे. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जर्मन सैन्याने मागे टाकलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे गावकऱ्यांच्या हाती आले. ते विकून आलेल्या पैशांत शेतकरी-कामकऱ्यांनी मुलांची शाळा बांधायला घेतली. पडलेल्या घरांच्या विटा, नदीची वाळू आणि स्वतःची मेहनत एवढेच भांडवल. त्यांना पुन्हा हुकूमशाहीला मान तुकवणारी पिढी नको होती. विचार करणारी मुले हवी होती. लॉरिस मालागुझ्झी हा तरुण शिक्षक त्यांच्यात जाऊन मिळाला. पुढे त्या परिसरातल्या बालशाळांत मधोमध एक सामाईक चौक, एकमेकांत दिसणाऱ्या खोल्या आणि मुलांनी स्वतःच्या हाताने करून पाहण्याची कार्यशाळा अशी रचना रूढ झाली. वास्तू हीसुद्धा एक शिक्षकच आहे, असे तेथे मानतात. जगभरचे लोक आज त्या शाळा पाहायला जातात.

रंग आला, विचार राहिला

याच्या उलट अनुभवही आपल्याजवळ आहे. सातारा तालुक्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवण्याचा मोठा प्रयोग केला. मुले रांगा मोडून गटागटाने बसली, फरशीवर आखलेल्या अंकांवर-अक्षरांवर खेळत शिकू लागली. राज्यभरचे शिक्षक ते पाहायला गेले. त्यातून पुष्कळ शाळांनी चांगले घेतले. पण पुष्कळ ठिकाणी असे झाले, की फरशीवर रंग आला आणि त्यामागचा विचार साताऱ्यातच राहिला. मुले पुन्हा रांगेत बसून त्या रंगीत अंकांकडे पाहू लागली.

'बाला' या उपक्रमाचेही तसेच. वास्तुतज्ज्ञ कबीर वाजपेयी यांनी इमारतीचाच शैक्षणिक साधन म्हणून उपयोग करण्याची ही कल्पना मांडली. दार उघडते त्या जमिनीवर कोन आखावेत, म्हणजे दार ढकलताना मुलाला कोन कळतो. भिंतीच्या खालच्या पट्ट्यात मुलांच्या उंचीवर फळा असावा. कल्पना नामी आहे. परंतु तो फळा मुलांनी गिरवायचा आहे हे शाळेने ठरवलेले नसेल, तर त्यावर सुविचार रंगवला जातो आणि मुलांना हात लावायची बंदी होते. म्हणून आम्ही म्हणतो, नक्कल जागेची करता येते, हेतूची करता येत नाही. तो ज्याचा त्याने ठरवावा लागतो.

कायद्याने दिलेले हत्यार

हे ठरवायचे कोणी, याचे उत्तर कायद्याने देऊन ठेवले आहे, पण ते फार थोड्यांना माहीत आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमाप्रमाणे जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेला शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. २२वे कलम सांगते की या समितीने शाळा विकास आराखडा तयार करावा, आणि शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या योजना व अनुदाने त्या आराखड्याच्या आधारावर व्हावीत. मंडळी, हे वाक्य नीट वाचा. वीटभट्टीवरून परत आलेल्या कातकरी बाईला शाळेच्या रचनेविषयी बोलण्याचा अधिकार मेहेरबानीने मिळालेला नाही, तो कायद्याने मिळाला आहे.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात इमारतीचे किमान निकषही आहेत. सर्व ऋतूंत टिकणारी इमारत, दर शिक्षकामागे निदान एक वर्गखोली, अपंग मुलाला अडथळ्यावाचून आत येता येईल अशी वाट, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, पोषण आहाराचे स्वयंपाकघर, खेळाचे मैदान, कुंपण. हे निकष मोलाचे आहेत आणि ते मिळालेच पाहिजेत. पण निकष सांगतात की खोली हवी. त्या खोलीत दोन इयत्तांच्या मुलांनी कसे बसावे, हे निकष सांगत नाहीत. ते गावाला आणि शिक्षकांना मिळून ठरवायचे आहे. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी आराखड्याचा छापील नमुना मुख्याध्यापक एका बैठकीत भरतात आणि सभासद सही करतात. मुख्याध्यापकांना आम्ही दोष देत नाही. दोन शिक्षकांच्या शाळेत पाच इयत्ता, त्यावर माहितीचे कागद भरण्याचे काम. त्यांनी किती पुरे पडावे?

हेतू कसा ठरवावा

आता पद्धत. ही आम्ही युनियनच्या कामावरून सांगतो. तिच्यात कसलेही गूढ नाही.

पहिली गोष्ट, बैठक एक नको, चार-पाच हव्यात. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात एकच सभा घेतली तर तेथे नेहमीचेच बोलणारे बोलतात. प्रत्येक पाड्यावर जावे. बाया स्वयंपाकपाणी उरकून मोकळ्या होतात त्या वेळी जावे. स्थलांतर करणाऱ्या घरांना दिवाळीपूर्वी गाठावे. मुलांना वेगळे विचारावे, कारण आईबापांसमोर ती बोलत नाहीत. अंगणवाडी सेविका आणि आहार शिजवणाऱ्या बाई यांना विसरू नये. शाळेची खरी हालहवाल त्यांना असते.

दुसरी गोष्ट, 'तुम्हांला काय पाहिजे?' असे विचारू नये. असे विचारले की लोक दुसऱ्या गावात पाहिलेली वस्तू सांगतात. 'तुमचे पोर पाचवी सुटेल तेव्हा त्याला काय काय करता आले पाहिजे, आणि आज त्याला शाळेत कशाची अडचण होते?' असे विचारावे. त्याची उत्तरे जमिनीवरची येतात. सरकारी माणसासमोर न भीता बोलता आले पाहिजे. बाजारात फसू नये एवढा हिशेब आला पाहिजे. घरच्या बोलीला शाळेत कोणी हसू नये. मुलगी मोठी झाली म्हणून तिची शाळा सुटू नये.

तिसरी गोष्ट, मतदान घेऊ नये. हे आम्ही अनुभवाने सांगतो. मतदान घेतले की गावठाणाची सरशी होते आणि बारा घरांचा पाडा दर वेळी हरतो. ज्याचे म्हणणे एकदाही कागदावर आले नाही, तो त्या शाळेला आपली कशी म्हणेल? त्यापेक्षा नियम असा करावा की प्रत्येक वस्तीचे निदान एक वाक्य हेतूत राहील. कोणी इंग्रजी मागेल, कोणी संगणक मागेल, कोणी फक्त एवढेच मागेल की पोराला मागे बसवू नका. भांडण होईल, ते होऊ द्यावे. सहा-सात वाक्यांवर तडजोड झाली की तो गावाचा हेतू झाला.

चौथी गोष्ट, प्रत्येक वाक्यापुढे जागेचा अर्थ लिहावा. मुलाला बोलता यावे, असे ठरले तर गोल बसता येईल अशी मोकळी जमीन आणि हलकी, सरकवता येणारी बैठक हवी. जमिनीला ठोकलेली बाके नकोत. दोन इयत्ता एका खोलीत असतील तर दोन भिंतींवर दोन फळे हवेत, एकाच भिंतीवर नव्हे. घरची बोली चालावी असे ठरले, तर पहिलीच्या वर्गापुढे रुंद पडवी हवी, जेथे आई किंवा आजी येऊन बसेल, गोष्ट सांगेल. मुलगी टिकावी असे ठरले, तर तिच्या संडासाला आतून कडी, आत पाणी आणि वाट पोरांच्या मैदानावरून न जाणारी असावी. पावसात ऐकू यावे असे ठरले, तर उघड्या पत्र्याखाली छत किंवा वर कौले, आणि पागोळ्या आत येणार नाहीत एवढी पडवी. मोठ्यांनाही वाचता यावे असे वाटले, तर पुस्तकांच्या खोलीला रस्त्याच्या बाजूने दुसरे दार, म्हणजे शाळा सुटल्यावर शाळेचे कुलूप न उघडता ती खोली चालते. स्थलांतर करणाऱ्याची पोरे मागे राहावीत असे ठरले, तर रात्री त्यांना कोठे झोपवायचे, कोणी सांभाळायचे, याचेही उत्तर लिहावे लागते. एकाच खोलीत दिवसा वर्ग आणि रात्री निजणे, याने मूल ना नीट शिकते ना नीट निजते.

पाचवी गोष्ट, वीट रचण्याआधी फक्की मारावी. कबड्डीचे मैदान आखतो तसे शाळेच्या जागेवर नव्या खोलीचे, दाराचे, खिडकीचे माप आखावे आणि मुलांना त्यात बसवून पाहावे. दुपारचे ऊन कोठून येते, डोंगराचे पाणी कोणत्या बाजूने उतरते, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे. इंजिनियरला तुळई कळते, पण जोत्याखालून झरा कोठे फुटतो हे त्या जागी जन्म काढलेल्यालाच कळते. दोघांनी एकत्र उभे राहिले पाहिजे. सरकारी इमारत ठरीव नकाशावर येते, हे खरे. तरीही दाराची दिशा, ओट्याची रुंदी, फळ्याची उंची, फाटकाची जागा यांत गावाचे म्हणणे चालू शकते. मात्र ते वेळेवर आणि लेखी पोचले पाहिजे.

शेवटची गोष्ट, हा कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचावा, शाळा विकास आराखड्याला जोडावा, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. पोच नसलेला कागद म्हणजे बोललेली गोष्ट. आणि दर वर्षी जूनमध्ये शाळा उघडताना तो पुन्हा वाचावा, म्हणजे काय झाले आणि काय राहिले ते कळते.

यात पणाला काय लागले आहे

कोणी म्हणेल, हे सगळे पटले, पण एवढी घाई कशाला? घाईचे कारण आहे. २०२३ साली राज्य शासनाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याविषयी प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर असल्याचे त्या वेळी पुढे आले. डोंगराळ तालुक्यांतील पाड्यांच्या शाळा पुष्कळदा अशाच. मोठ्या शाळेत जास्त शिक्षक, प्रयोगशाळा, मैदान मिळते, हा विचार सरसकट खोटा नाही. पण सहा वर्षांच्या पोराने पावसाळ्यात ओढा ओलांडून तेथे कसे जावे, याचे उत्तर त्या हिशेबात असले पाहिजे. ज्या पाड्याने आपल्या शाळेचा हेतू लिहून ठेवला आहे, तो चर्चेला बसताना निदान म्हणू शकतो की आमची शाळा कशासाठी आहे ते हे पाहा, आणि तुमची नवी शाळा हे कसे पुरवील ते सांगा. ज्याने काहीच लिहिलेले नाही, त्याच्या शाळेची फक्त डोकी मोजली जातात. कागदाने शाळा वाचेलच, असे वचन आम्ही देत नाही. संपात उतरताना आम्ही कामगारांनाही असे वचन कधी दिले नाही. पण मागणीच लिहिलेली नसेल तर बोलणी कशावर करायची?

म्हणून शहरातील श्रोत्यांना आमची एक विनंती आहे. आपणांपैकी कोणी या तालुक्यांतील शाळेला काही देऊ इच्छीत असेल, तर देण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जाऊन बसावे आणि आराखडा वाचून दाखवण्यास सांगावे. तो नुसता सह्यांचा कागद निघाला, तर यंत्राऐवजी तुमच्या चार संध्याकाळी द्याव्यात. पाड्यांवर हिंडून बायांचे, मुलांचे म्हणणे लिहून घेणारा हात गावाला हवा असतो. ते लिहून झाले की काय द्यावे हे तुम्हांला विचारावे लागणार नाही. कदाचित संगणकच लागेल. कदाचित एक पडवी, दुसरा फळा आणि आतून लागणारी एक कडी एवढ्यातच काम होईल.